द्राक्षाला रस्ता, वाइनला नाका

फाल्गुनाचे ऊन तापू लागले की तुळजापूर तालुक्यातल्या काटी-सावरगावच्या बाजूला एकदा जरूर जाऊन यावे. आमचा धाराशिव जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे टँकर आणि भेगाळलेली जमीन येते, ते काही खोटे नाही. पण त्याच जमिनीवर, त्याच आटत चाललेल्या पाण्यावर ठिबकचा थेंब थेंब मोजून लोकांनी द्राक्षाचे मांडव उभे केले आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका, शरद सीडलेस यांसारखी वाणे तयार केली, त्याचा गुण आमच्याही मातीला लागला. काढणीच्या दिवसांत बांधावर क्रेटची रास लागलेली असते, बाया घड हलक्या हाताने उतरवत असतात, आणि व्यापारी मोबाइलवर बोलत बोलत भाव सांगत असतो. भाव ठरतो असे मुद्दामच म्हणत नाही. द्राक्ष हा थांबणारा माल नव्हे. आभाळ भरून आले, गारपिटीची बातमी लागली की बागायतदाराचा हात आपोआप खाली येतो.

माल एकदा ट्रकमध्ये चढला की मात्र त्याला कोणी विचारत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग मागे पडते, उमरगा मागे पडते, कर्नाटकची हद्द लागते, पुढे तेलंगणाची लागते. दोन राज्यांच्या सीमा ओलांडून आमची द्राक्षे दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादच्या बाजारात हजर! वाटेत कोणी म्हणत नाही की ही परराज्यातली द्राक्षे आहेत, यांच्यावर वेगळा कर भरा.

आता हीच द्राक्षे दाबून, आंबवून, गाळून बाटलीत भरली असे समजा. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते. ती बाटली उमरग्याच्या पुढे न्यायची, तर आपल्या राज्याचा निर्यात परवाना हवा, पलीकडच्या राज्याचा आयात परवाना हवा, पलीकडे त्या बाटलीवरच्या लेबलाची नोंदणी हवी आणि तिची फी भरायला हवी, तिथले उत्पादनशुल्क हवे, त्या राज्याचा शिक्का हवा. एवढे करून माल दुकानात थेट जाईल असेही नाही. कर्नाटकात तो सरकारी पेय महामंडळाच्या गोदामातून जाणार, तेलंगणातही तसेच. तमिळनाडूत तर घाऊक आणि किरकोळ दोन्ही दुकाने सरकारचीच. नोंदणी प्रत्येक राज्यात वेगळी आणि प्रत्येक लेबलाची वेगळी. पांढरी, लाल आणि गुलाबी अशा तीन वाइन करणाऱ्याने चार राज्यांत जायचे ठरवले, तर बारा नोंदण्या. एक बाटलीही विकण्याआधी!

माझे एक स्नेही आहेत. तुळजापूर तालुक्यात त्यांची सहा एकर बाग. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. काही वर्षांपूर्वी पाच-सहा बागायतदारांनी मिळून छोटी वायनरी काढावी, असे त्यांच्या मनाने घेतले. ते नाशिककडे जाऊन आले, टाक्या पाहिल्या, हिशेब लिहून आणले. मी आयुष्यभर मास्तरकी केलेला आणि चहापलीकडे कशाला न शिवलेला माणूस. तरी कुतूहल म्हणून विचारले, ‘काय दादा, जमतंय का?’

‘गुरुजी, वाइन करणं अवघड न्हाई,’ दादा म्हणाले, ‘विकणं अवघड हाय. बाटली उमरग्यापोतर आपली, फुडं ती परदेशी.’

दादांच्या या एका वाक्यात आजच्या लेखाचा सगळा विषय आला.

प्रथम आपल्या घरातले पाहू. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइन हा शेतीशी जोडलेला प्रक्रिया उद्योग मानला, नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले, आणि राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाइनला उत्पादनशुल्कात मोठी सवलत दिली. त्याचे चांगले फळ दिसले. एकेकाळी नारायणगावच्या एका कारखान्यापुरता असलेला हा धंदा नाशिकच्या खेड्याखेड्यांत पोचला. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भागीदारीतून मोठी वायनरी उभी राहिली. पण सवलतीची अट पुन्हा वाचा: राज्यातली द्राक्षे, राज्यातला कारखाना. म्हणजे विजापूरच्या शेतकऱ्याच्या द्राक्षाची वाइन सोलापुरात आली, तर तिला ही सवलत नाही. मग कर्नाटकने २००७ साली स्वतःचे वाइन धोरण केले आणि सवलतीचा ओघ आपल्या शेतकऱ्याकडे वळवला, याचा आपल्याला राग येण्याचे कारण काय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय दोन्हीकडे सारखाच चालू आहे. प्रत्येक राज्य आपल्या शेतकऱ्याचे रक्षण करते आहे आणि सगळी राज्ये मिळून सगळ्यांच्या शेतकऱ्याला कुंपणात बसवत आहेत.

मोठ्या कंपनीला हे कुंपण फारसे बोचत नाही. लाखो बाटल्यांवर नोंदणीची फी वाटली गेली की बाटलीमागे पैशांत येते. तिच्याकडे वकील आहेत, प्रत्येक राजधानीत माणसे आहेत. वर्षाला दहा-वीस हजार बाटल्या करणाऱ्या घरगुती वायनरीला मात्र तीच फी बाटलीच्या किमतीला भिडते. नियम सर्वांना सारखा आहे असे कागद म्हणतो. व्यवहारात तो लहानाला दारातच अडवतो.

यात शेतकऱ्याचे काय अडले, असे कोणी विचारील. अडले ते असे. खायच्या द्राक्षाची वाइन चांगली होत नाही. शेनिन ब्लांक, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो अशी वेगळी वाणे लावावी लागतात. ती बारीक, बियांची, जाड सालीची. बाजारात खायला कोणी घेत नाही. म्हणजे ज्याने ती लावली, तो वायनरीच्या शब्दावर बांधला गेला. २००८-०९ च्या सुमारास मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटन आटले, वायनऱ्यांच्या टाक्यांत वाइन पडून राहिली. नाशिककडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी हाताने लावलेल्या वाइनच्या बागा हाताने उपटल्या. गिऱ्हाईक मुख्यतः मुंबई-पुण्याचे. तिथे शिंक आली की दिंडोरीला सर्दी. माल दहा राज्यांत सहज जात असता तर संकट टळले असते, असे मी म्हणणार नाही. ते दहा ठिकाणी वाटले मात्र गेले असते.

आम्हा धाराशिवकरांना नाक्यांची ही गोष्ट नवी नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती. माझे आजोबा येडशीहून बार्शीच्या बाजाराला जात. एका दिवसात परत येण्याचा प्रवास, पण मध्ये दुसरे राज्य. संस्थानच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत. येताना कापडाचा तागा असो की पितळेची घागर, नाक्यावर उघडून दाखवावी लागे. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत गेली. रूळ एक झाले, जकात तशीच राहिली. आजोबा गमतीने म्हणत, ‘गाडीला कळत नाही कुठं सरकार बदललं, ते नाकेदारालाच कळतं.’ पुढे मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, तेव्हा करोडगिरीची नाकी आणि शिंदीची झाडे ही दोन्ही आंदोलनाची लक्ष्ये झाली. नाके म्हणजे अडवणूक आणि शिंदी म्हणजे सरकारच्या आबकारीचे उत्पन्न, हे खेड्यातल्या माणसालाही नीट ठाऊक होते.

त्याहून मागे जायचे तर आमचे तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर, आणि त्याच्याही आधीचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंद आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदरात येते. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन आहे. आमचे कापड पश्चिमेला जात होते आणि पश्चिमेची मदिरा या किनाऱ्याला लागत होती. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहता येतात. तेव्हाही वाटेवर जकात असणारच. पण माल चालत होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेने ही नाकी मोडायचे ठरवले होते. अनुच्छेद ३०१ सांगते, की देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील. ३०४ सांगते, की परराज्यातून आलेल्या मालावर राज्याला कर लावता येईल, पण आपल्या राज्यातल्या तशाच मालावर जेवढा आहे तेवढाच. भेदभाव करता येणार नाही. जकात गेली, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे तपासणी नाकेही उठले. मद्य मात्र त्या करातून घटनेनेच बाहेर ठेवले. मादक पेये हा राज्यसूचीतला विषय. उत्पादन, वाहतूक, विक्री सारे राज्याच्या हाती. शिवाय अनुच्छेद ४७ राज्याला सांगते, की मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न करा.

मग मद्याच्या बाबतीत ३०१ चे काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता, वाइनच्या नव्हे, बियरच्या निमित्ताने. पंजाबने परराज्यातून येणाऱ्या बियरवर आयातफी लावली आणि जम्मूच्या देवन्स मॉडर्न ब्रुअरीजने तिला आव्हान दिले. २००३ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला तो पंजाबच्या बाजूने. मद्याचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. तो राज्याने दिलेला विशेषाधिकार आहे आणि फी ही त्याची किंमत आहे. तेव्हा व्यापारस्वातंत्र्याचे अनुच्छेद इथे लावता येत नाही, असे बहुमताचे म्हणणे. दोघा न्यायमूर्तींना ते पटले नाही. १९६५ साली कल्याणी स्टोअर्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने ओरिसाने बाहेरच्या मद्यावर वाढवलेले शुल्क ३०१ च्याच आधारे रद्द ठरवले होते, हेही इथे आठवण्यासारखे आहे. एका न्यायमूर्तींचे मत इकडचे तिकडे झाले असते, तर आज दादांची बाटली उमरगा ओलांडून गेली असती! पण कायदा हा असता-नसता यांवर चालत नाही. आज तरी छोट्या वायनरीने कोर्टाची पायरी चढली, तर हा निकाल तिच्या वाटेत उभा आहे.

अमेरिकेत हेच भांडण वेगळ्या वळणाने गेले. तिथली दारूबंदी १९३३ साली उठली आणि त्याच घटनादुरुस्तीने मद्यावरचा अधिकार राज्यांना दिला. अगदी आपल्यासारखेच. व्हर्जिनिया राज्यात जुआनिटा स्वेडनबर्ग नावाच्या बाई नवऱ्यासह छोटी वायनरी चालवत. पाहुणे यायचे, वाइन आवडायची, गावी परतल्यावर मागणी करायचे, आणि बाईंना ती पाठवता येत नसे. न्यूयॉर्क राज्य स्वतःच्या वायनऱ्यांना घरपोच माल पाठवू देई. बाहेरच्यांना म्हणे, आधी आमच्या राज्यात कचेरी थाटा. मिशिगनने तर बाहेरच्यांना साफ बंदी केली होती. बाई कोर्टात गेल्या. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, तोही काठावरचाच. निकालाचे सार एवढेच, की राज्याने मद्यावर हवे तेवढे कडक नियम करावेत, हवे तर घरपोच विक्री सर्वांनाच बंद करावी. पण आपल्याला मुभा आणि परक्याला बंदी, असे करता येणार नाही. अल्पवयीन मुले दारू मागवतील, कर बुडेल, असे राज्यांचे म्हणणे होते. ते न्यायालयाने ऐकून घेतले आणि म्हटले, की याचा भक्कम पुरावा तुम्ही दिलेला नाही. शिवाय तोच धोका तुमच्या स्वतःच्या वायनरीकडूनही आहेच. त्यानंतर न्यूयॉर्क आणि मिशिगन दोघांनीही परवाना घेऊन बाहेरच्यांना दार उघडले.

हा सगळा ऊहापोह वाचून एखादी वाचक भगिनी म्हणेल, ‘गुरुजी, रविवारच्या पानात तुम्ही दारूची वकिली करायला बसलात काय?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे सत्ताधाऱ्यांकडून सांगितले गेले. मला ते तेव्हाही पटले नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला नाव काहीही द्या, चढायचे ते चढतेच. त्या निर्णयाला राज्यभर विरोध झाला आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, यात नवल नव्हते. ज्या घरात नवऱ्याची मजुरी गुत्त्यावर संपते, त्या घरातल्या बाईला द्राक्षशेतीचे अर्थशास्त्र कोणी सांगू नये. आपल्या राज्यात महिलांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ केली की दुकान बंद होते, हा नियम म्हणजे आपल्या सार्वजनिक जीवनातल्या मोजक्या अभिमानास्पद गोष्टींपैकी एक आहे. त्याला हात लागता कामा नये.

पण नीट पाहिले तर नाक्याचा आणि आडव्या बाटलीचा काही संबंधच नाही. परराज्यातल्या वाइनवर जादा फी लावून गुजरातसारखी दारूबंदी होत नाही. फक्त आपल्या वाइनचा खप वाढतो. माणूस एक पेला कमी पीत नाही, तो दुसऱ्या राज्यातला पीत नाही एवढेच. व्यसन रोखायचे असेल तर वयाची अट आहे, ती पाळा; दुकानांची संख्या आहे, ती आवरा; सर्वांवर सारखा कर आहे, तो वाढवा. भेसळीची भीती म्हणाल, तर २०१९ पासून मद्याची मानके साऱ्या देशाला एकच लागू आहेत; सोलापुरात शुद्ध ठरलेली वाइन कलबुर्गीत अशुद्ध कशी होईल? आरोग्याच्या नावाने लावलेला नियम आणि शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी लावलेला नियम, यांतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. तो स्वतःलाही लावला आहे का, हे पाहावे.

आणखी एक विसंगती. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. तिथल्या पाच डॉलरहून महाग वाइनच्या बाटलीवरचे १५० टक्के आयातशुल्क १०० वर आले, पंधरा डॉलरहून महाग बाटलीवरचे ७५ वर, आणि टप्प्याटप्प्याने ते आणखी उतरायचे आहे. करार झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंबई बंदरातली भिंत अशी वीतभर वीतभर खाली येत असताना उमरग्याच्या पुढची भिंत मात्र तशीच, हे कसे? परदेशाशी बोलणी करून शुल्क उतरवता येते, आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, गोवा या चार शेजाऱ्यांना एका टेबलाशी बसता येत नाही?

त्यांनी बसावे, एवढेच माझे मागणे आहे. कोर्टाचा रस्ता लांबचा आणि आज तरी बंद दिसतो. सरकारांचा रस्ता जवळचा आहे. पहिली गोष्ट, महाराष्ट्राने पुढाकार घेऊन म्हणावे, की जे राज्य आमच्या वाइनला आपल्या वाइनसारखे वागवील, त्याच्या वाइनला आम्हीही आमच्यासारखेच वागवू. दुसरी, लेबल नोंदणीची फी विक्रीच्या प्रमाणात घ्यावी. वर्षाला काही हजार बाटल्या विकणाऱ्याला नाममात्र. तिसरी, चार राज्यांनी एकच अर्ज आणि एकच परवाना मानावा. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: जिथे दारूबंदी आहे, जिथे बायांनी बाटली आडवी केली आहे, तिथे कोणाचीच वाइन जाऊ नये, ना आपली ना परकी. यात महसूल थोडा घटेल. पण शेजाऱ्याच्या शेतकऱ्याकडून घेतलेला आणि आपल्या शेतकऱ्याकडून शेजाऱ्याने घेतलेला तो महसूल म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या कणग्यांतून काढलेले धान्य आहे. त्यात वाढ कसली?

दादांची वायनरी झाली नाही. पाच-सहा जणांतले दोघे आधी मागे सरले, मग एकाने बाग काढून सोयाबीन केले. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बांधाजवळ नवीन शेड दिसली. जाळ्यांच्या थरांवर द्राक्षे वाळत होती. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. पंधरा दिवसांत तयार. तो पंढरपूरला किंवा तासगावला जाणार, तिथे सौदा होणार.

‘शेवटी हेच बरं,’ दादा मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवत म्हणाले. ‘ह्याला नाका न्हाई.’

बेदाणा गोड होता. घेऊन घरी आलो, नातवंडांनी संपवला. पण परतताना महामार्गावर एक द्राक्षाचा ट्रक हैदराबादच्या दिशेने भरधाव जाताना दिसला आणि वाटले, या फळातून शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त पडण्याची जी वाट होती, ती आपणच अडवून धरली आहे. करोडगिरीचा नाकेदार केव्हाच गेला. त्याची खुर्ची मात्र आपण अजून उचललेली नाही.